शून्य चाचण्यांचा हिरवा दिवा

काकांनी तीनशे अठरा चाचण्या लिहिल्या आणि सर्व्हरला त्यातली एकही दिसली नाही. एका वाक्यात सांगायचं तर गोष्ट एवढीच. पण या एका वाक्यापायी काकांच्या तोंडचं पाणी पाच दिवस पळालेलं होतं, म्हणून ती सविस्तर सांगायला हवी.

काका म्हणजे कुणाचे काका नव्हेत. वय बावन्न, पेशा प्रोग्रॅमरचा, आणि ऑफिसातली बाकीची मंडळी पंचविशीच्या अल्याडपल्याडची. कुणीतरी आदरानं एकदा 'काका' म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं, की कंपनी चालवणाऱ्या, त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या मॅडमसुद्धा त्यांना काकाच म्हणायच्या. काकांना ते लागायचं. पण लागलं हे दाखवणं हेही काकांसारखंच दिसलं असतं, म्हणून ते गप्प राहायचे.

त्यांची कंपनी लहानशी. खाली पडद्याच्या कापडाचं दुकान, वर दोन मजले कंपनीचे. काम मात्र जोखमीचं. सलाइनमधून औषध सोडणारा जो पंप असतो, त्यानं मिनिटाला किती थेंब सोडायचे हे पेशंटच्या वजनावरून ठरवणारा प्रोग्रॅम ही मंडळी लिहायची. गेली कित्येक वर्षं तो प्रोग्रॅम माणसं हातानं तपासायची. मग मॅडमनी ठरवलं की आता तपासणी आपोआप व्हायला हवी, आणि ते काम काकांकडे आलं. तरुण मंडळी नव्या कामात गुंतली होती आणि काका, मॅडमच्या शब्दांत, 'बारकाईनं बघणारे' होते. 'बारकाईनं बघणारा' म्हणजे हळू काम करणारा, हे काकांना कळत होतं.

चाचणी म्हणजे तसं काही अवघड नाही. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्न प्रोग्रॅमला विचारायचा. पेशंट साठ किलोचा, औषध अमुक, तर थेंब किती? उत्तर जुळलं तर पास. कुणी प्रोग्रॅममध्ये एक अक्षर जरी बदललं, तरी वरच्या मजल्यावरच्या खोलीत कुलूपबंद असलेल्या सर्व्हरनं सगळ्या चाचण्या स्वतःहून शोधून घ्यायच्या आणि चालवायच्या. सगळ्या पास झाल्या तर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हिरवा दिवा. एक जरी नापास झाली तर लाल, आणि मग प्रोग्रॅम कंपनीबाहेर जाणार नाही.

सोमवारी सकाळी काकांनी आपलं काम सर्व्हरवर चढवलं. पडद्यावरचा ठिपका गरागरा फिरला आणि हिरवा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम केबिनमधून बाहेर आल्या, काकांचा हात हातात घेऊन म्हणाल्या की हॉस्पिटलला आता छातीठोकपणे सांगता येईल. काका हसले, खुर्चीत बसले आणि सवयीनं सर्व्हरचा अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागले. अहवाल कुणीच वाचत नाही, दिवा हिरवा असला की वाचायचा कशाला? शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: एकूण चाचण्या शून्य, नापास शून्य, निकाल यशस्वी.

ज्या शाळेत एकही मूल नाही त्या शाळेचा निकाल शंभर टक्के, तसलाच हा प्रकार. काकांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. टाळ्या अजून पुरत्या थांबलेल्याही नव्हत्या. त्या क्षणी उभं राहून 'मंडळी, जरा थांबा' एवढं म्हणायला हवं होतं, हे त्यांना तेव्हाही कळत होतं आणि पुढे तर चांगलंच कळलं. पण टाळ्या वाजवणाऱ्या माणसांना मध्येच थांबवायला एक प्रकारचं धैर्य लागतं, आणि बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा टाळ्या पडल्या असतील तर ते धैर्य जरा उशिरा येतं. संध्याकाळपर्यंत निस्तरू, असं काकांनी मनाशी म्हटलं. जगातले बरेचसे घोटाळे याच वाक्यानं सुरू झालेले आहेत.

संध्याकाळपर्यंत काकांनी शोध लावला की सर्व्हर चाचण्या नावावरून ओळखतो. फाइलच्या नावाच्या शेवटी ठरावीक शब्द असेल तरच ती चाचणी, नाहीतर ती त्याच्या लेखी कुणीच नव्हे. काकांनी आपल्या फायलींना हौसेनं वेगळी नावं दिली होती. त्यांनी एकोणीसच्या एकोणीस फायलींचं बारसं पुन्हा केलं आणि त्या परत चढवल्या. ठिपका फिरला. हिरवा. एकूण चाचण्या शून्य.

घरी काकूंनी चेहऱ्यावरूनच ओळखलं. काकू शाळेत भूगोल शिकवायच्या आणि वर्षाचे दोन महिने त्यांचे पेपर तपासण्यात जायचे. त्यांनी भाजी परतता परतता सगळं ऐकून घेतलं आणि गॅस बारीक करून म्हणाल्या, "आमच्याकडे गैरहजर म्हणजे नापास. तुमच्याकडे गैरहजर म्हणजे पहिला नंबर?"

काकांनी सर्व्हरची बाजू मांडायचा प्रयत्न केला, की त्याला फक्त नापास झालेल्या मोजायला शिकवलंय वगैरे. पण सर्व्हरची वकिली करता करता त्यांना स्वतःलाच घाम फुटला. काकूंनी एवढंच विचारलं की मॅडमना सांगितलं का. काका म्हणाले, उद्या सांगतो. काकूंनी गॅस मोठा केला.

तेवढ्यात समोरचे इन्स्पेक्टर आले. हे गृहस्थ बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण सल्ला देताना त्यांना याची कधी अडचण वाटली नाही. त्यांनी काकांची हकिगत डोळे मिटून ऐकली. मग सांगितलं की दाबाचा काटा शून्यावर असेल तर त्याचे तीन अर्थ होतात. एक, बॉयलरमध्ये वाफच नाही. दोन, काटा अडकलाय. आणि तीन, वाफ खच्चून भरलीय, पण काट्याकडे जाणारी नळीच जोडलेली नाही. तिसऱ्या प्रकारचा बॉयलर आपण नोकरीत एकदाच पाहिला, असं म्हणून ते थांबले. काकांनी विचारलं, मग काय झालं? इन्स्पेक्टर म्हणाले, "पाहिला म्हणजे नंतर पाहिला. आधी बॉयलर होता, नंतर नुसतं अंगण होतं." एवढं बोलून, काकूंनी दिलेला चहा शांतपणे पिऊन ते निघून गेले. काकांना जेवण गेलं नाही.

मंगळवारी घोडं कुठे पेंड खातंय याचा आणखी एक धागा लागला. चाचण्या शोधून काढणारं जे उपकरण, म्हणजे एक लहानसा जोडप्रोग्रॅम, तो काकांच्या कॉम्प्युटरवर होता आणि सर्व्हरवर नव्हताच. तो तिथे बसवायचा अधिकार फक्त सर्व्हरवाल्याला. हा गृहस्थ वरच्या मजल्यावर त्या थंडगार खोलीत स्वेटर घालून बसायचा आणि दिवसाला साधारण अकरा शब्द बोलायचा. त्यातले चार काकांच्या वाट्याला आले. "हिरवा आहे ना? मग?"

काकांनी त्याला हिरव्या रंगातला फोलपणा समजावून सांगितला. त्यानं ड्रॉवरमधून एक फॉर्म काढून दिला. फॉर्मवर मॅडमची सही लागत होती आणि सहीच्या वर एक रकाना होता: कारण. आता आली पंचाईत. कारण खरं लिहावं तर मॅडमना कळणार, की ज्या दिव्याला टाळ्या पडल्या तो नुसताच दिवा होता. खोटं लिहावं तर हात धजेना. शेवटी काकांनी 'अधिक सुधारणेसाठी' असं लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं आणि खरंही काही नव्हतं. मॅडमनी फोनवर बोलता बोलता सही करून टाकली. सर्व्हरवाल्यानं फॉर्म परत पाठवला: कारण मोघम. काकांनी 'चाचण्यांच्या शोधात अधिक सुधारणेसाठी' लिहिलं. फॉर्म पुन्हा परत आला: तातडीचे की नेहमीचे, यावर खूण नाही. तातडीचे म्हटलं की 'तातडी का' हा दुसरा फॉर्म. नेहमीचे म्हटलं की चार दिवस. काकांनी नेहमीचेवर खूण केली, कारण त्यांना भीती वाटली. ती करताना जास्तच वाटली.

बुधवारी दुपारी मॅडमनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं की नवा प्रोग्रॅम हॉस्पिटलला पाठवलाय आणि शुक्रवारी चार वाजता नवजात कक्षात त्याची पहिली चाचपणी आहे. दिवा तीन दिवस सलग हिरवा आहे, हे त्यांनी कौतुकानं सांगितलं. नवजात कक्ष हा शब्द ऐकला आणि काकांचे कान गरम झाले. आतापर्यंत त्यांच्या डोळ्यांपुढे पेशंट म्हणून साधारण त्यांच्याच आकाराचा कुणीतरी होता.

ते मॅडमच्या केबिनपाशी गेले. दारावर टकटक केली. आत जाऊन उभे राहिले. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. काकांच्या तोंडून निघालं की खिडकीजवळच्या एसीचं पाणी गळतंय. मॅडमनी ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर काकांना स्वतःचा इतका राग आला की ते जिन्यात जाऊन दोन मिनिटं नुसते उभे राहिले. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली: माझ्या कॉम्प्युटरवर तर सगळ्याच्या सगळ्या पास आहेत. म्हणजे प्रोग्रॅम बरोबरच आहे, सर्व्हर बघो न बघो. या धंद्यातला प्रत्येक माणूस आयुष्यात कधी ना कधी हे वाक्य बोलतो, आणि बोलताना त्याला तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

गुरुवारी सर्व्हरवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं चार दिवसांचं काम दोन दिवसांत केलं. काकांनी अहवाल उघडला. एकूण चाचण्या एक. पास एक. काकांना त्या एकीचं इतकं अप्रूप वाटलं की आधी त्यांनी तिचं नावच पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा कळलं, की ती त्यांची नव्हतीच. त्या जोडप्रोग्रॅमबरोबर नमुना म्हणून आलेली ती चाचणी होती. एक अधिक एक बरोबर दोन, एवढंच ती विचारत होती. घरात काकू म्हणाल्या, "चला, निदान तेवढं तरी येतंय." त्या दिवशी त्यांनी दोनदा विचारलं, मॅडमना सांगितलं का. दुसऱ्यांदा काका ताट उचलून उठले.

शुक्रवारी तीन वाजून दहा मिनिटांनी गाठ सुटली. काकांनी चाचण्या ज्या फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या, त्याच्या इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं होतं. काकांच्या कॉम्प्युटरला मोठं आणि छोटं अक्षर एकच. सर्व्हरला मात्र ती दोन वेगळी घरं. तो बिचारा पाच दिवस छोट्या अक्षराच्या घराचं दार वाजवत होता आणि आत कुणी नाही असं प्रामाणिकपणे सांगत होता. एका अक्षरापायी पाच दिवस. काकांनी ते अक्षर बदललं आणि हात मांडीवर ठेवून बसले.

ठिपका फिरायला लागला आणि फिरतच राहिला. सोमवारपासून तो एवढा वेळ कधी फिरला नव्हता. काकांना समाधान वाटलं, कारण याचा अर्थ तो खरोखरच काहीतरी करत होता. एकूण चाचण्या तीनशे अठरा. काकांचे डोळे भरून आले. पास तीनशे सतरा.

नापास एक.

भिंतीवरचा पडदा लाल झाला. ऑफिसातल्या माना एकेक करून वर झाल्या.

नापास झालेली चाचणी काकांनी सगळ्यात शेवटी लिहिली होती, आणि तीही केवळ जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं बाकी होती आणि दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. बाकीच्या चाचण्यांत वजनाचा आकडा काका स्वतः द्यायचे. या एकीत मात्र वजनकाट्याकडून जसा मजकूर येतो तसाच प्रोग्रॅमला वाचायला दिला होता: एक टिंब पाच. दीड किलो. आणि अहवालात लिहिलं होतं, अपेक्षित वजन दीड, वाचलेलं वजन पंधरा.

काका जिने चढून वर गेले. तुझ्या सर्व्हरचं डोकं ठिकाणावर आहे का, असं काहीसं ते सर्व्हरवाल्याला म्हणाले, अर्थात सौम्य शब्दांत. सर्व्हरवाल्यानं स्वेटरची बाही सावरली आणि त्या आठवड्यातलं आपलं सगळ्यात मोठं भाषण केलं. सर्व्हर त्यानं हॉस्पिटलच्या यंत्रांबरहुकूम लावला होता, त्यांच्याकडून आलेल्या कागदाप्रमाणे. ते पंप परदेशी बनावटीचे. तिकडे दशांशाला टिंब देत नाहीत, स्वल्पविराम देतात. टिंब देतात ते हजार वेगळे दाखवायला, त्यामुळे यंत्र ते वाचताना सरळ सोडून देतं.

"म्हणजे हॉस्पिटलातही असंच होणार?" काकांनी विचारलं.

"अगदी असंच."

वजन दहापट, म्हणजे औषध दहापट. बारा किलोचं मूल असतं तर काही झालं नसतं, साठ किलोचा माणूस असता तरी नाही. ज्यांचं वजन टिंब देऊन लिहावं लागतं अशी माणसं एकाच खोलीत असतात. काकांनी घड्याळ पाहिलं. तीन पस्तीस.

खाली केबिनचं दार बंद होतं आणि आत मीटिंग चालू होती. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा दार न वाजवता उघडलं. पाच माणसांनी त्यांच्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "मॅडम, सोमवारपासून एकही चाचणी चालत नव्हती. मला ठाऊक होतं. आता चालल्या, आणि दीड किलोचं बाळ प्रोग्रॅमला पंधरा किलोचं दिसतंय."

मॅडमच्या चेहऱ्यावरून दोन-तीन गोष्टी एकामागून एक सरकून गेल्या, आणि त्यातली प्रत्येक काकांना दिसली. मग त्यांनी टेबलावरचा फोन उचलला, हॉस्पिटलचा नंबर लावला आणि रिसीव्हर काकांपुढे धरला. "तुम्ही बोला. नेमकं काय झालंय ते तुम्हाला सांगता येईल."

फोनवर आधी एका गोड आवाजानं हॉस्पिटलच्या वेळा सांगितल्या. मग संगीत लागलं. मग एका माणसानं कोणता विभाग असं विचारलं, आणि काकांनी सांगितल्यावर त्यांना भलतीकडेच, एक्सरेला जोडून दिलं. एक्सरेवाला भला माणूस होता, पण त्याला नवजात कक्षाचा नंबर पाठ नव्हता. तो शोधायला गेला. समोरच्या घड्याळाचा मिनिटकाटा काकांच्या डोळ्यांदेखत हलला. तीन शेहेचाळीस. तेवढ्यात पलीकडून एक बाईमाणसाचा सावकाश, दमलेला आवाज आला. नवजात कक्षाच्या मुख्य सिस्टर बोलत होत्या.

"सिस्टर, नवा पंप सुरू केलात का?"

"लावलाय. चारला सुरू करायचाय. डॉक्टर येतायत."

"करू नका. कृपा करून करू नका. तो वजन चुकीचं वाचतोय."

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. रिसीव्हर कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला, मग दूर जाणारी पावलं, मग एक बारीक शिट्टी वाजून बंद झाली. मीटिंगमधली पाच माणसं काकांच्या हातातल्या रिसीव्हरकडे बघत राहिली. पावलं परत आली.

"काढला. भिंतीतली पिनसुद्धा काढून ठेवलीय."

काकांनी विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. "बाळाचं वजन किती आहे, सिस्टर?"

"एक किलो चारशे."

काका मॅडमच्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसले. सिस्टरनी ना आभार मानले ना झाडलं. त्यांनी फक्त विचारलं की हे कळलं कसं. एका चाचणीनं सांगितलं, असं काका म्हणाले. आणि बाकीच्या? बाकीच्या तीनशे सतरा पास आहेत.

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "मग आणखी काय काय विचारायचं राहिलंय त्याला?"

याचं उत्तर काकांकडे नव्हतं. सिस्टरकडे होतं. कागद घ्या म्हणाल्या. मॅडमनी आपल्या वहीतलं पान फाडून काकांपुढे सरकवलं, आणि सिस्टर सांगू लागल्या. बाळ दुपट्यासकट तोललं गेलं तर. वजन ग्रॅममध्ये टाकलं तर. जुळ्यांच्या काचेच्या दोन पेट्यांची अदलाबदल झाली तर. हात ओला असताना बटण दोनदा दाबलं गेलं तर. एका बाळाचा पंप दुसऱ्याला लावला आणि जुनं वजन तसंच राहिलं तर. पान भरलं, मॅडमनी दुसरं फाडलं. लिहिता लिहिता काकांच्या ध्यानात आलं की यातल्या एकाही प्रश्नाला आपला प्रोग्रॅम काय उत्तर देईल, हे त्यांना ठाऊक नाही. त्यांनी जरा हळू सांगा अशी विनंती केली. सिस्टर म्हणाल्या, "हळू कसं सांगू? मला आता हातानं थेंब मोजायचेत."

पुढे व्हायचं ते रीतसर झालं. काकांना लेखी खुलासा मागितला गेला, तो त्यांनी चार पानी दिला, आणि कारणाच्या रकान्यात पहिल्यांदाच खरं कारण लिहिलं. 'मला भीती वाटली.' मॅडम पंधरा दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. सर्व्हरवाल्यानं, कुणी फॉर्म न भरता, एक नियम घालून दिला: चाचण्या शून्य असतील तर दिवा लाल. सिस्टरच्या दोन पानांतून बेचाळीस नव्या चाचण्या निघाल्या आणि त्यातल्या नऊ पहिल्याच दिवशी नापास झाल्या. भिंतीवरचा पडदा सात आठवडे लाल होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि काकांना त्या सात आठवड्यांत नीट जेवण जाऊ लागलं.

नंतर एका मंगळवारी पंप पुन्हा नवजात कक्षात गेला, तेव्हा सिस्टरनी निरोप धाडला की ज्यानं फोन केला होता तो माणूस हजर पाहिजे. काका पायांत हॉस्पिटलच्या निळ्या पिशव्या आणि तोंडाला मास्क बांधून काचेच्या पेटीपाशी उभे राहिले. आत एक किलो सातशेचं एक माणूस मुठी आवळून झोपलेलं होतं. सिस्टर फोनवर वाटल्या त्याच्या निम्म्याच उंचीच्या होत्या. त्यांनी वजन मोठ्यानं वाचलं, पंपावरचा आकडा मोठ्यानं वाचला, दोन्ही काकांकडून वदवून घेतले आणि बटण दाबलं. मग घड्याळ काढून स्टूलावर बसल्या आणि थेंब मोजू लागल्या. यंत्र मोजतंय ना, असं शेजारचे तरुण डॉक्टर म्हणाले. सिस्टरनी मान वर केली नाही.

काकाही मोजत होते. पहिलं मिनिट दोघांचं आणि यंत्राचं जुळलं. दुसरं जुळलं. तासाभरानं सिस्टर उठल्या, घड्याळ खिशात ठेवलं, आणि आता निघालात तरी चालेल असं काकांना म्हणाल्या. काकांनी बरं म्हटलं, स्टूल पुढे ओढलं आणि ते बसले.